मगरी मोजू नयेत

फादा सोडल्यावर गाडी दोनदा वाळूत रुतली.
बर्काईनं चाकांतली हवा सोडली, पत्रे टाकले,
आम्ही ढकललं,
आणि दिवसभर दाताखाली वाळवंट कचकचत राहिलं.

मग कडे सुरू झाले. उभे, तांबूस,
वाऱ्यानं आरपार भोकं पाडलेले.
एक कमान तर इतकी उंच
की तिच्याखाली जेवताना
सावली तीनदा सरकली,
आणि तिच्यामागे ताटं घेऊन आम्हीही.

घळीत शिरलो, तर आधी वास आला,
मग आवाज. शेकडो उंट.
आपल्या भाषेत उंटाच्या ओरडण्याला शब्द नाही :
हंबरणं नव्हे, खिंकाळणं नव्हे,
जुन्या दरवाज्यानं तक्रार करावी, तसं काहीतरी
दोन्ही भिंतींवर आपटून परत येत होतं.

पाणी काळं.
शाईसारखं नाही, ती उपमा फार स्वच्छ आहे.
लेंड्यांनी काळं.
उंट पितात तिथंच घाण करतात,
आणि कल्तूमा, असेल बारा वर्षांची,
गुडघाभर त्यात उभी राहून
एकेकाला नावानं हाका मारते.

माझी सत्तावीस वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात गेली.
बाटली, चिठ्ठी, तारीख, गढूळपणा,
शेवटच्या रकान्यात : पिण्यास अयोग्य.
हात आपोआप पेनाकडे गेला.

बर्काई हसला.
अर्धं फ्रेंच, अर्धे हातवारे :
उंट आहेत म्हणून शेण. शेणावर शेवाळ.
शेवाळावर मासे. माशांवर त्या.
त्या कोण?
त्यानं हनुवटीनं पलीकडचा काठ दाखवला.

खडकाला डोळा होता.

नदी गेली, तळी गेली,
चारी दिशांना शेकडो कोस वाळू झाली,
आणि यांना कुणी निरोपच दिला नाही.
या अजून बसल्याच आहेत,
ओल असल्यासारख्या.

वर कपारीत गेरूच्या गाई.
भरलेल्या कासा, लांब शिंगं,
मागे एक माणूस, धावतोय की नाचतोय कळत नाही.
गवत मात्र चित्रात कुठंच नाही.
जे सगळीकडेच असतं
ते कोण काढत बसतं?

खाली उतरल्यावर मी विचारलं, किती उरल्यात?
बर्काई गप्प. मग त्यांच्या बोलीत
कल्तूमाला काहीतरी म्हणाला.
पोरीनं माझ्याकडे पाहिलं,
जणू पाळण्यातल्या बाळाच्या अंगावरून
मी फूटपट्टी फिरवली होती.

मोजू नयेत, तो म्हणाला.
माझे आजोबा मोजत नसत.
एकदा एका पाहुण्यानं मोजल्या, वहीत नेल्या,
पुढच्या वर्षी एक कमी.
मगर गेली की पाणी जातं.

मी म्हणणार होते, उलट आहे हे,
पाणी गेलं की मगर जाते.
म्हटलं नाही.
वर्तुळाला सुरुवात लागते
ती फक्त बाहेरून आलेल्याला.

चहा झाला. तीन पेले, तिसरा सगळ्यांत गोड.
पाणी कुठलं, ते मी विचारलं नाही.
कल्तूमानं शेवटचा उंट वळवला,
तो अडला, तिनं त्याला काहीतरी जिव्हारी लागेलसं सुनावलं,
मग चालू लागला.
मागे पाणी हळूहळू मिटलं.
पलीकडच्या काठावरचा खडक
आता तिथं नव्हता.

रात्री कंदिलाशी वही उघडली.
तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं.
आकड्याच्या रकान्यापाशी
बराच वेळ पेन तसंच धरून बसले.
मग लिहिलं :
आज उंट येऊन गेले.